वानगी

सुपारीचा व्यापारी माल कसा पारखतो हे ज्याने पाहिले नसेल, त्याने एकदा आमच्या दिवेआगरला यावे. व्यापारी येतो, पोत्यांच्या थप्पीकडे नुसती नजर टाकतो आणि मधल्याच एखाद्या पोत्यात कोपरापर्यंत हात घालून तळातली मूठभर सुपारी वर काढतो. तिच्यातली एक अडकित्त्यात धरतो. कट् असा आवाज होतो. दोन्ही खांडे उजेडाकडे धरून तो आतली पांढरी-तांबडी नक्षी न्याहाळतो आणि मग भाव बोलतो. श्रीवर्धनी रोठा म्हणून जिचे नाव दूरवर गेले आहे, तिची परीक्षा अशी एका सुपारीवर होते. त्या मूठभर मालाला वानगी म्हणतात. वानगीचा धर्म एकच. ती त्याच पोत्यातली असली पाहिजे. वर निवडक माल पसरून खाली पोचट भरणारे लोक आमच्याकडेही आहेत. म्हणून तर व्यापारी हात तळापर्यंत घालतो.

सुपारीचे हे झाले. पण विद्येची वानगी कशी द्यावी? पोहायला शिकवणाऱ्याने, कुस्तीचे डाव शिकवणाऱ्याने, चेंडू कसा वळवावा हे सांगणाऱ्याने आपल्या पोत्यातले काय काढून गिऱ्हाइकापुढे धरावे? हा प्रश्न मला कधी पडेल असे वाटले नव्हते. मी शाळामास्तरीण, फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारी. पण गेल्या वर्षी पाऊस ओसरल्यावर भाऊ आमच्या ओटीवर येऊन बसले आणि त्या दिवसापासून या प्रश्नाने माझी पाठ सोडलेली नाही.

भाऊंना सारा गाव भाऊच म्हणतो. वय पासष्टच्या घरात. तरुणपणी ते मुंबईला एका गिरणीच्या संघातून कबड्डी खेळत. त्या काळी लालबाग-परळच्या गल्ल्यांत कबड्डी ही रोजच्या जेवणासारखी होती, आणि आमच्या रायगडची कितीतरी मुले केवळ चांगल्या चढाईच्या जोरावर मुंबईत चिकटली. पुढे १९८२ चा गिरणी संप झाला. संप फिसकटला, गिरण्या एकेक करून गार पडल्या, आणि भाऊ वळकटी घेऊन गावी परतले. वडिलांची पोफळीची वाडी होती, ती त्यांनी सांभाळली. संध्याकाळी सुरूच्या बनापलीकडे, ओहोटीने घट्ट झालेल्या वाळूत, पायाच्या अंगठ्याने रेघा ओढून ते गावातल्या पोरांना शिकवू लागले. गेली चाळीस वर्षे ते शिकवीत आहेत. फी म्हणून त्यांनी कोणाकडून छदाम घेतला नाही. गुरुपौर्णिमेला पोरे नारळ आणतात, तो ते तिथेच फोडून वाटून टाकतात.

१९९७ साली गावातल्या एका वाडीत तांब्याच्या पेटीत सोन्याचा गणपती सापडला आणि दिवेआगरला पाहुण्यांची रीघ लागली. घरोघरी पाहुण्यांसाठी खोल्या निघाल्या. भाऊंनी काढली नाही. त्यांना वाडी पुरत होती. मग ३ जून २०२० चा दिवस उजाडला. निसर्ग वादळ आमच्या किनाऱ्यावर आले आणि दोन-तीन तासांत तीन पिढ्यांच्या बागा आडव्या झाल्या. पोफळ हे झाड मोठे चिवट दिसते, पण एकदा मोडले की त्याला पुन्हा फुटवा नाही. नवे रोप लावावे आणि फळासाठी सहा-सात वर्षे वाट पाहावी. भाऊंनी रोपे लावली. पण सहा-सात वर्षे माणसाने खावे काय?

भाऊ ओटीवर आले ते याच विवंचनेत होते. बरोबर त्यांचा भाचा होता. नवी मुंबईत नोकरी करणारा, चलाख आणि मामावर जीव असणारा मुलगा.

"बाई, हा म्हणतो माझी कबड्डी विकायची," भाऊ म्हणाले. माडाचा सौदा झाल्यासारखा त्यांचा चेहरा पडला होता.

"विकायची नाही हो मामा," भाचा म्हणाला. "बाई, तुम्हीच सांगा यांना. मामांच्या शिकवण्याचे व्हिडिओ करायचे. थोडे यूट्यूबवर फुकट टाकायचे. ज्याला आवडतील तो पुढचे चाळीस धडे पैसे देऊन घेईल. एकदा काढले की काढले. हजार मुलांनी घेतले तरी मामांना जास्त काम नाही. तुम्ही फक्त बोलायचे शब्द लिहून द्या."

मी होकार देण्यापूर्वी पंधरा दिवस मागून घेतले आणि त्या पंधरा दिवसांत, आयुष्यात पाहिले नव्हते इतके खेळ पाहिले. बसल्या जागी. क्रिकेट, पोहणे, बुद्धिबळ, दंड कमावण्याचे प्रकार, उंची वाढवण्याचे प्रकार. थोड्याच दिवसांत या बाजाराची रीत माझ्या ध्यानात आली. पाहणाऱ्याचे बोट पडद्यावर सरकायला टपलेलेच असते. म्हणून पहिल्या दोन-तीन सेकंदांत डोळे दिपवणारे काहीतरी घडलेच पाहिजे. यष्टी उडाली पाहिजे, नाहीतर कोणीतरी हवेत गिरकी घेतली पाहिजे. मग एक माणूस येऊन सांगतो की यात एक गुपित आहे. अर्धे गुपित तो फुकट सांगतो. उरलेले अर्धे खाली दिलेल्या दुव्यावर असते. तिथे चार हजार नऊशे नव्व्याण्णव या आकड्यावर काट मारून चारशे नव्व्याण्णव लिहिलेले असते आणि शेजारी एक घड्याळ उलटे धावत असते: सवलत संपायला अकरा मिनिटे उरली! दुसऱ्या दिवशी पाहावे तर पुन्हा अकराच मिनिटे उरलेली असतात. या घड्याळाचे मला मोठे कौतुक वाटले. काळाला असे थोपवून धरणे आमच्या पुराणातल्या ऋषींनाही क्वचितच साधले असेल.

पण नुसती थट्टा करून भागणार नव्हते. खेळ आणि व्यायाम शिकवण्याची विद्या विकणे यात नवे ते काय? आपण जी बिनबाह्यांची बनियन घालतो तिला सँडो म्हणतो. तो सँडो म्हणजे युजेन सँडो, जर्मनीत जन्मलेला आणि इंग्लंडात नाव काढलेला पहिलवान. विसाव्या शतकाच्या आरंभी तो हिंदुस्थानातही खेळ करून गेला. शरीर कमावण्याचे धडे आणि साधने तो टपालाने विकत असे, आणि त्याची जाहिरात म्हणजे त्याच्याच पिळदार देहाची छायाचित्रे. पुढे बंगलोरचे के. व्ही. अय्यर यांनीही टपालाने व्यायामाचे धडे दिले. आपल्या औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार संस्थानच्या शाळाशाळांतून सुरू केले, त्यावर पुस्तक लिहिले, आणि १९३६ मध्ये ते इंग्लंडला गेले तेव्हा तिथल्या एका वृत्तपत्राच्या लेखिकेला नमस्कारांची अशी गोडी लागली की १९३८ मध्ये त्यांचे पुस्तक लंडनमध्ये नव्याने निघाले. त्याच सुमारास बडोद्याला द. चिं. मुजुमदार दहा खंडांचा व्यायाम ज्ञानकोश सिद्ध करीत होते. त्यांत कुस्तीचे डाव आणि मल्लखांबाच्या उड्या चित्रांनी दाखवलेल्या आहेत. आणि १९८२ मध्ये, आमचे भाऊ मुंबई सोडत होते त्याच साली, अमेरिकेत जेन फोंडा या नटीच्या व्यायामाची व्हिडिओ कॅसेट निघाली आणि ती इतकी खपली की पुष्कळांनी म्हणे ती पाहण्यासाठी यंत्र विकत घेतले. पुस्तक, टपाल, कॅसेट, आणि २००५ नंतर यूट्यूब. साधन बदलले, इच्छा तीच राहिली. गुरू दूर आहे, तो घरात यावा.

आणि ही इच्छा फोल नसते याचाही दाखला आहे. केनियात ज्युलियस येगो नावाचा एक भालाफेकपटू आहे. त्याचा देश धावणाऱ्यांचा. तिथे भाला शिकवणार कोण? त्याने यूट्यूबवर मोठमोठ्या भालाफेकपटूंचे व्हिडिओ पाहिले, पुन्हा पुन्हा पाहिले, आणि तसे करून पाहिले. २०१५ मध्ये बीजिंगच्या जागतिक स्पर्धेत ९२.७२ मीटर भाला फेकून तो जगज्जेता झाला. पुढल्या वर्षी रिओ ऑलिंपिकमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले. हे वाचले तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे आमच्या शाळेची मुले उभी राहिली. २०१६ नंतर मोबाइलवरचे इंटरनेट स्वस्त झाले आणि मासळी विकणाऱ्या आईच्या फोनवर जगातला कोणताही गुरू हजर होऊ लागला. म्हसळ्याच्या डोंगरातल्या एखाद्या वाडीवर कबड्डी शिकवणारा कोणी नसेल. तिथे भाऊ पोचले तर वाईट काय? मी भाच्याला सांगितले, मी लिहून देते.

डिसेंबरात चित्रण सुरू झाले. पण भाऊ कॅमेऱ्यासमोर उभे राहिले की ओळखपत्राच्या फोटोसारखे दिसत. मी लिहिलेली वाक्ये ते परेडमध्ये म्हटल्यासारखी म्हणत. भाचा घामाघूम होई. शेवटी त्याने युक्ती काढली. भाऊंचे बोलणे राहू दिले आणि त्यांच्या एका तयार खेळाडूची उडी टिपली: पकडायला वाकलेल्या गड्याच्या डोक्यावरून झेप घेऊन, पलीकडे वाळूत पडून, मध्यरेषेवर हात टेकवणे. मागे मावळता सूर्य, लाटा, उडालेली वाळू. सारे मिळून सतरा सेकंद. वर मजकूर होता: 'ही उडी शिका'.

ती उडी लाखभर लोकांनी पाहिली. गावात भाऊंचा मान एकदम वाढला. चहाच्या टपरीवर त्यांना स्वतःचीच उडी दाखवणारे लोक भेटू लागले. धडे मात्र अकराच विकले गेले. भाचा म्हणत होता, थांबा, जम बसायला वेळ लागतो.

जम बसण्यापूर्वी एक फोन आला. घाटावरच्या एका गावातल्या बापाचा. त्याच्या बारा वर्षांच्या मुलाने ती उडी घरासमोरच्या सिमेंटच्या अंगणात मारून पाहिली होती. मनगट मोडले. बाप चिडून बोलत नव्हता, हेच भाऊंच्या जिव्हारी लागले. तो एवढेच विचारत होता, "पोराचं काय चुकलं ते सांगा. प्लॅस्टर निघालं की तो पुन्हा करणार म्हणतो."

भाऊंनी त्याच रात्री भाच्याला ती उडी काढून टाकायला सांगितली. भाचा हळहळला. लाखभर लोकांनी पाहिलेली ती एकच चीज त्यांच्यापाशी होती. "मामा, खाली सूचना लिहू. वाळूतच करा म्हणून."

"सूचना कोण वाचतो?" भाऊ म्हणाले. "आणि सूचनेचा प्रश्नच नाही रे. माझ्याकडे पोरगा आला की मी आधी त्याचे पाय बघतो. मग तो कसा पडतो ते बघतो. दोन महिने नुसतं पडायला शिकवतो. पुढं उडी. या पोराला मी उडी दाखवली, पण त्याला बघितलंच नाही. त्याच्या पायाखाली सिमेंट आहे, हे मला ठाऊकच नव्हतं."

मी तिथेच बसले होते. पंधरा दिवस व्हिडिओ पाहून मला जे उमगले नव्हते ते या एका वाक्याने लख्ख झाले. व्हिडिओ दाखवतो, पण पाहत नाही. शिकवणे म्हणजे अर्धे दाखवणे आणि अर्धे पाहणे. किंबहुना पाहणेच अधिक. वर्गात मी फळ्यावर गणित सोडवून दाखवते तेव्हा शिकवण्याला नुकती सुरुवात झालेली असते. मुलांच्या वह्यांवरून नजर फिरवताना, हातचा कोण विसरतो आणि का विसरतो हे दिसते, तेव्हा ते पुरे होते. पुस्तकात चित्रे काढून दाखवणाऱ्यांनाही पाहता येत नव्हतेच. पण पुस्तक वाचणाऱ्याला आपण एकटे आहोत याची जाणीव असते. हलत्या चित्रात माणूस आपल्याकडे तोंड करून बोलतो, आणि तो आपल्याला पाहतो आहे असा भास होतो. तो येगोसुद्धा पुढे फिनलंडला जाऊन काही काळ प्रशिक्षकाच्या नजरेखाली राहिला होता, हे व्हिडिओचे गोडवे गाणाऱ्यांच्या बोलण्यात बहुधा येत नाही.

मग या व्यापारात पैसे घ्यावेत ते कशाचे? ज्याला काही मोल आहे असे भाऊंपाशी काय होते? उडी नव्हे. उडी कोणीही मारून दाखवील. मोल होते त्यांच्या डोळ्याचे.

हे भाच्याला पटवायला मला फार बोलावे लागले नाही. त्याच्याच संगणकात पुरावा होता. चित्रण चालू असताना एकदा एका पोराची चढाई फसली. भाऊ कॅमेरा विसरले. त्याच्याजवळ गेले आणि म्हणाले, "तू गड्याच्या डोळ्यांत बघतोस. डोळे खोटं बोलतात. त्याच्या गुडघ्याकडे बघ. गुडघा आधी सांगतो तो कुठं येणार ते. पुन्हा जा." पोरगा पुन्हा गेला, पुन्हा फसला. "आता गुडघा बघितलास, पण उशिरा. पुन्हा जा." तिसऱ्या खेपेला तो गड्याला शिवून परत आला. हा सारा भाग निकामी म्हणून भाच्याने बाजूला टाकला होता. साडेतीन मिनिटांत एकही उडी नव्हती, सूर्यास्त नव्हता, आणि मध्ये एक कुत्राही येऊन गेला होता.

आम्ही तो जसाच्या तसा टाकला. तीच आमची वानगी होती. पोत्याच्या तळातली.

तो लाखभर लोकांनी पाहिला असे सांगण्याचा मोह मला होतो आहे, पण तसे झाले नाही. हजार-बाराशेंनी पाहिला. मात्र त्यांतल्या कितीतरी जणांनी एकच गोष्ट लिहिली: आमच्या मुलाला असे बघाल का?

तेव्हा दुकानाची मांडणीच बदलली. जे दाखवण्यासारखे आहे ते सारे फुकट: रेघा कशा आखाव्या, तीस सेकंदांत चढाई कशी वाटून घ्यावी, बोनस कधी घ्यावा, पडावे कसे. पैसे पाहण्याचे. महिन्याला तीनशे रुपये. शिकणाऱ्याने आधी आपली जमीन फोनवर टिपून पाठवायची. वाळू, माती, मॅट, की सिमेंट. सिमेंट असेल तर भाऊ प्रथम माती आणायला सांगतात आणि तोवर पैसे घेत नाहीत. मग दर आठवड्याला शिकणाऱ्याने आपली एक चढाई किंवा पकड टिपून पाठवायची आणि भाऊंनी ती पाहून आवाजात उत्तर द्यायचे. काट मारलेला आकडा नाही, उलटे धावणारे घड्याळ नाही. "कालही तीनशेच होतं, उद्याही तीनशेच राहील, मग घाई कसली?" असे भाऊंचे म्हणणे. त्यांना ठाऊक नव्हते, पण कायद्याचेही हेच म्हणणे आहे. ग्राहकाला खोटी घाई लावणे ही फसवी क्लृप्ती आहे असे केंद्र सरकारच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ च्या नियमांत स्पष्ट केले आहे. पैसे घेऊन एखाद्या मालाची भलामण करणाऱ्याने ती जाहिरात असल्याचे लिहावे, असे जाहिरात मानक परिषदेचे नियम २०२१ पासून आहेत. फसलेल्याला १९१५ या क्रमांकावर ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार करता येते. या दिवाळीत तुमच्या घरातले चिरंजीव फटाक्यांऐवजी असा एखादा कोर्स मागत असतील तर हे लक्षात असू द्या; आणि एक प्रश्न आणखी विचारा: शिकवणारा माझ्या मुलाला पाहणार आहे का, की मुलानेच त्याला पाहायचे आहे?

भाच्याचे दुःख मात्र खरे आहे आणि ते मी लपवणार नाही. दाखवणे हजारांना विकता येते. पाहणे माणसागणिक करावे लागते. भाऊ दिवसाला सात-आठ मुलांच्यावर पाहू शकत नाहीत. डोळे दुखतात. आज पन्नासएक मुले आहेत. त्यांतली काही महिनाभर पैसे देऊन थांबतात, काहींचे पैसे भाऊच माफ करतात. "मामा, तुमच्या या हिशेबाने कोणी श्रीमंत होत नाही," भाचा म्हणतो, आणि ते बरोबर आहे. पण वाडीतल्या मजुराचा खर्च यातून निघतो. पोफळी आता माथ्याच्या वर गेल्या आहेत. फळ धरेपर्यंत तग धरायचा, एवढेच भाऊंना हवे होते.

या पन्नासांत एक मुलगी आहे. साताऱ्याकडच्या एका खेड्यातली, चौदा वर्षांची. तिची आई खळ्यात उभी राहून फोनवर टिपते. समोर पकड करायला धाकटा भाऊ. पहिल्याच आठवड्यात भाऊंनी तिची चढाई मला दाखवली. मला ती उत्तम वाटली. चपळ होती, पाय हलके होते.

"काय कमी आहे सांगा, बाई."

मला सांगता येईना.

"आवाज," भाऊ म्हणाले. "कबड्डी कबड्डी म्हणते आहे का ती? ओठ हलतात, पण ऐकू येत नाही. मैदानात पंच हिला परत पाठवील."

त्यांनी तसे कळवले. उत्तर आईचे आले. घरात सासरे आहेत, पोरीने अंगणात ओरडलेले त्यांना खपत नाही; म्हणून दबक्या आवाजात खेळते.

मला वाटले, आता भाऊ काहीतरी समजुतीचे बोलतील, नाहीतर गप्प बसतील. ते फोनवर नेहमीच्या मैदानी आवाजात म्हणाले, "वहिनी, सासऱ्यांना माझा निरोप सांगा. हा ओरडा नव्हे, नियम आहे. दम मोठ्याने, स्पष्ट, न थांबता घ्यायचा. तो ऐकू आला नाही तर चढाई धरत नाहीत. पोरीचं नाव पुढच्या महिन्यात तालुक्याच्या संघात घालायचं असेल तर तिचा आवाज गल्लीच्या टोकाला गेला पाहिजे. रोज. नियम आहे म्हणावं."

म्हाताऱ्या माणसांना मुलीचे मन कदाचित कळत नसेल, पण नियम कळतो. पुढच्या आठवड्यातल्या चित्रणात आवाज थोडा वाढला. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी. भाच्याने विचारले, हा व्हिडिओ जाहिरातीला टाकू का? याच्यासारखी जाहिरात मिळायची नाही. भाऊ म्हणाले, "पोरीचा चेहरा नको, तिचं अंगण नको. तिनं ते मला बघायला पाठवलंय, गावाला नाही." भाच्याने पुन्हा विचारले नाही. पाहण्याचे पैसे घेणाऱ्याने काय झाकून ठेवायचे, हाही त्या व्यापाराचाच भाग होता.

परवा दसऱ्याच्या सुमारास तिची नवी चढाई आली. या खेपेला आवाज असा खणखणीत होता की भाऊंनी फोन कानापासून दूर धरला. मुलगी गेली, धाकट्या भावाला हुलकावणी देऊन शिवून परत आली, तेवढ्यात मागून एक जाड, खोकलेला आवाज आला, "पुरे, तीस झाले!" आई हसली आणि फोन हलला, चित्र संपले.

मी भाऊंकडे पाहिले. त्यांनी तेवढा तुकडा पुन्हा लावला. घड्याळ पाहत पुन्हा एकदा लावला. मग बोट दाबून, आवाज टिपत, त्यांनी उत्तर पाठवले:

"चढाई चांगली. उजवा पाय अजून उशिरा उचलतेस. आणि आजोबांना सांग, पंचवीसलाच थांबवतात. घड्याळ नीट बघायला सांग त्यांना."